दोघांचा रस्ता

मोहोळ,
ता. १४ मे १९३४

प्रिय यज्ञेश्वर,

पुष्कळ दिवसांनी लिहितो आहे. तू सोलापुरात कोर्टाच्या कामात असशील, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं, पण तसं जमेलसं दिसत नाही. तुझी मोसंबीची रोपं जगली आहेत. विहिरीला पाणी आहे. सडकेपासून विहिरीपर्यंतचा रस्ता तुझ्या मजुरांनी पाणी मारून, रूळ फिरवून चांगला दाबून घेतला आहे. परवा तुझी मोटार आली तेव्हा धूळसुद्धा फारशी उडाली नाही. मी बांधावर उभा होतो. तुझं लक्ष नव्हतं, घाईत असशील.

तू ते रान घेतलंस तेव्हा आमच्या मागच्या चार घरांना किती आनंद झाला होता, ते तुला कदाचित कळलं नसेल. तुझं रान सडकेला लागून, आमचं त्याच्या मागं. आधीचे मालक ज्वारी निघाल्यावर आम्हाला त्यांच्या रानातून गाडी घालू देत. पीक उभं असलं की नाल्याकडून वळसा. पावसाळ्यात तीही वाट बंद, काळ्या मातीत बैल पोटापर्यंत रुततो. तू रस्ता करायचा म्हणालास आणि आपलं ठरलं. जागा तुझी, मुरूम माझ्या माळावरचा, माणसं इर्जिकीची. तू मजुरी विचारलीस तेव्हा मी हसलो होतो. इर्जिकीला मजुरी नसते, एक पोटभर जेवण असतं, आणि पुढं त्यांच्या कामाला आपण जायचं असतं. कागदाचं मी काढलं नाही. तूच म्हणालास, एका बाकावर बसलेल्यांनी कागद कशाला करायचा, रस्ता दोघांचा. मागच्या घरांना मी तेच सांगितलं, आणि ती सगळी माझ्या शब्दावर आली.

पहिल्या दिवशी तूही कोट काढून पाटी उचललीस. निम्मा मुरूम तुझ्या बुटांवर सांडला, तेव्हा आमची बसव्वा सगळ्यांदेखत म्हणाली, "भाऊजी, तुमी तोंडानंच रस्ता करा. तुमचं तोंड लई चालतंय की!" तू इतका हसलास की पाटी खाली ठेवावी लागली. तुझ्याशी ती असं बोलायची. माझ्याशी एवढं बोलत नसे. मी मास्तर, घरातही मास्तरच, असं तिचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी तुझी कोर्टाची तारीख होती. नंतर तू येऊन माझ्याजवळ बसलास, रडलास. काय झालं ते तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. आज लिहितो. माळावरच्या खाणीत मुरूम खाली मऊ लागतो, म्हणून सगळे खालूनच खणत गेले आणि वर कपार लोंबत राहिली. दुपारी जेवायला हाक मारली. सगळे वर आले. बसव्वा म्हणाली, "एवढी पाटी भरून येते की, तुमी व्हा पुढं." मी पानांवर गव्हाची हुग्गी वाढत होतो. आवाज फार मोठा झाला नाही, भरलेलं पोतं पडावं तेवढाच. लागेल म्हणून कोणी फावडं घेतलं नाही, हातांनीच उकरलं. तिच्या तोंडातली माती मी बोटानं काढली. तोवर ती गेली होती. आमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे तिला मळ्यातच मातीत ठेवलं. ढासळलेला तो मुरूम पुढं तुझ्या मजुरांनी रस्त्यावरच टाकला. मोकळा पडला होता, खणायचं काम नव्हतं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही.

गुढीपाडव्यानंतर सडकेच्या तोंडाशी दोन खांब उभे राहिले आणि त्यावर अडसर आला. साखळी, कुलूप. तुझा कारभारी बाळासो तिथं खाट टाकून असतो. मी कडब्याची गाडी घेऊन गेलो तर म्हणाला, "मास्तर, राग मानू नका, पण गाडीच्या लोखंडी धावेनं चाकोऱ्या पडत्यात, मोटार फसती. तुमाला नाल्याकडनं वाट हाय की." मी गाडी वळवली. हा हुकूम त्यानं आपल्या मनानं चालवला असेल, असं मी धरून चाललो. मागच्या घरांनाही तेच सांगत राहिलो. शेजारची सोनाबाई, जिनं त्या दिवशी माझ्याबरोबर माती उकरली, ती परवा पाणवठ्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, "मास्तर, तुमच्या मैतराचा रस्ता लई देखणा झालाय. आमाला नुसता बगायला दिलाय व्हय?" पाऊस लागला की नाल्याची वाट जाईल. मग ही चार घरं माझ्या शब्दाचं काय करतील, ते मला कळत नाही.

काल पाथरवट आला. त्याच्या गाडीत घडवलेला दगड होता, त्यावर 'बसव्वा मार्ग' असं कोरलेलं. अक्षरं तू स्वतः काढून दिलीस, असं बाळासो म्हणाला. खोटं लिहीत नाही, ते नाव पाहून मला बरं वाटलं. तू तिला विसरला नाहीस. मग पाथरवटानं जागा दाखवली. साहेबांनी नेमून दिलीय म्हणाला, अडसराच्या डाव्या खांबाला लागून. तेव्हा मला समजलं की अडसर तुला ठाऊक आहे. मी दगड उतरू दिला नाही, म्हणून हे पत्र. भांडण नाही, कोर्टातही मी येणार नाही. पावसाच्या आत अडसर काढलास तर दगड पाठव, खड्डा मी माझ्या हातानं खणीन. काढणार नसलास तर तिचं नाव तिथं लावू नकोस. ती असती तर आमच्याच गाडीत बसून आली असती, आणि बाळासोनं तिलाही नाल्याकडची वाट दाखवली असती.

तुझाच,
शिवशरण