एका कार्बनाची पोकळी

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी प्रथिनाचं द्रावण गढूळ झालं की आधी तुमचाच आवाज कानात येतो. पुण्याहून गिंडीच्या त्या प्रयोगशाळेत आले तेव्हा मला तमिळ येत नव्हतं, उकाडा सोसत नव्हता, आणि तुमची तंजावरकडची मराठी ऐकून हसू आवरत नव्हतं. तुम्ही मला वर्षभर एकाच कामाला जुंपलंत: प्रथिनाच्या गाभ्यातलं आयसोल्युसिन काढून तिथे व्हॅलिन बसवायचं. दोन्ही अमिनो आम्लं फांद्या असलेली, दोघांनाही पाण्याचं वावडं, म्हणून दोघंही प्रथिनाच्या आत दडून बसणारी. फरक एवढाच, की व्हॅलिनला एक कार्बन कमी. एवढ्याशाने काय होणार, असं मला वाटायचं. आणि खरंच काही होत नव्हतं. कोल्ड रूममध्ये दोन्ही द्रावणं सारखीच नितळ. महिनाअखेरपर्यंत काही हाती लागलं नाही तर सगळं सोडून घरी येते, असं मी आईला फोनवर सांगूनही टाकलं होतं.

मग मे महिन्यातली ती दुपार. वीज गेलेली, जनरेटर हटून बसलेला, कोल्ड रूमची भट्टी झालेली. नळ्या बाहेर काढते तर व्हॅलिनवाली नासलेल्या दुधासारखी पांढरी. माझं धाबं दणाणतं. ती बेसिनमध्ये ओतणार, तोच तुम्ही मनगट धरता.

“अय्यो, टाकू नक्को! डोळे कुठं ठेवलीस? दुसरी नळी बघ की.”

दुसरी, आयसोल्युसिनवाली, अजूनही नितळ होती.

“पेटीत डबे गच्च भरलीस, मग एक काढून त्याजागी थोडा लहान ठेवलीस. पेटी घरात असेपर्यंत काही नाही. गाडीत हलली की सगळं सुटतं. इथं गरमीनं हलवलं, कळलं का? वर्षभर हेच शोधतीस, आणि सापडलं तर ओतून टाकतीस! पो, जा, तोंड धू, मग नीट लिही.”

सगळ्यांसमोर बोललात. मी रडले, तोंड धुतलं आणि लिहायला बसले.

संशोधनात कशी टिकलात, असं कोणी विचारलं की मी त्या नळीची गोष्ट सांगते. ऐकणाऱ्यांना ती आवडते. पण बाई, तेवढ्यासाठी मी तिथे राहिले नसते. त्या शहरात वर्षभर सगळे माझ्याशी जपून, पाहुणीशी बोलावं तसं बोलत होते. तुम्ही घरच्या मुलीवर ओरडावं तसं ओरडलात, आणि संध्याकाळी मी आईला कळवलं, इतक्यात येत नाही. मला किती बरं वाटलं होतं, ते सांगायला तेव्हा जीभ रेटली नाही, आणि आता हे पत्र टाकायचं तरी कुठे? मी त्या दिवशी अपमानाने रडले, असंच तुम्ही शेवटपर्यंत समजत राहिलात.