शेवंतीच्या अंगणाचं वळण

मोरवा, भाईंदर (प.)
४ डिसेंबर १९९६

चि. परागला उर्मिलामावशीचे आशीर्वाद.

काल, मंगळवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तुझ्या कॉम्प्युटरने शेवंतीच्या अंगणातून रस्ता काढला. तुझा खोकला कसा आहे? (गरम पाणी पी. रागातही मावशी मावशीच असते.)

दोन माणसं आली, हातात तुझ्या कंपनीचा नकाशा आणि चुन्याची बादली. आमची गल्ली शेवंतीच्या घराला वळसा घालून जाते, हे तू तिच्याकडे बोंबील आणायला धावतोस तेव्हा तुझ्या पायांना ठाऊक असतं. नकाशात मात्र गल्ली फुटपट्टीसारखी सरळ! रस्ता रुंद करायचा म्हणून चुना ओढला, तो थेट तिच्या चुलीपर्यंत. मी म्हटलं, "अहो, इथे घर आहे." तर त्यातला एक म्हणतो, "मॅडम, नक्शे में नहीं है।" उभा होता तिच्याच ओट्यावर!

दिवाळीत तूच सुतळी ताणून दाखवलं होतंस: रेघेची दोन टोकं धरायची, मधला जो बिंदू सुतळीपासून वीस मीटरच्या आत, तो गाळायचा. फ्लॉपीत जागा वाचते म्हणे. (मी कौतुकाने चकली दिली. ती परत हवी.) काल मी टेप लावून मोजलं. शेवंतीचं वळण अठरा मीटर. आणखी दोन मीटर वाकडी वागली असती तर वाचली असती!

कॉन्व्हेंटात मी एकदा कोकणचा किनारा एका रेघेत उरकला, तेव्हा सिस्टरने पट्टी हाणून सांगितलं होतं की खाडीतही माणसं राहतात. तेव्हा राग आला. आता वाटतं, वाट उगाच वाकडी होत नाही. कुणाच्या तरी दाराचा मान ठेवून पहिला माणूस बाजूने गेला, बाकीचे त्याच्या मागून. असा मान वीस मीटरच्या आतलाच असतो रे.

शेवंती रडली नाही. म्हणाली, "बाय, कागदावर माजं घर न्हाय, मंग मी हाय कुठं?" मी उठून घरातून टेप घेऊन आले. (वाद न घालता मी उठले असं किती वेळा होतं, तुझ्या आईला विचार.)

गाळलेले बिंदू परत घालून सहीशिक्क्याचा नकाशा आणि लेखी उत्तर शनिवार, १४ डिसेंबर, संध्याकाळी पाचच्या आत पोचव. सोमवारी, १६ तारखेला, ते फावडी घेऊन येणार आहेत.

तुझी,
उर्मिलामावशी

ता.क. नकाशा शेवंतीच्याच नावे पाठव. पत्र मी लिहिलं हे तिला कळता कामा नये. तिच्या बोंबलांच्या वासाविरुद्ध नऊ वर्षं अर्ज करतेय ती मीच.

ता.क. २. तो अर्ज मी मागे घेतलेला नाही. पण तो चालायला आधी तिचं घर जागेवर हवं.