खोकणारी वाचक

प्रिय ओरेस्तेस,

सव्वीस वर्षं एका छपराखाली काढली, पण मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. घटस्फोटाच्या कागदावर सही केली, तेवढंच. आज लिहितेय. जरा नीट बस.

कारखान्यात तू चिरूट वळायचास आणि मी समोरच्या चौथऱ्यावरून तुम्हा दोनशे जणांना वाचून दाखवायचे, सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. नायिका मेली की तुझंही नाक लाल व्हायचं, लपवू नकोस. घरी मात्र अंथरुणात पडून एकामागून एक सिगरेटी. वादळाच्या दिवसांत खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, आणि तू आपला फुंकतोयस. मी खोकले की म्हणायचास, "तंबाखूवर पोट भरतं आणि धुराचं वावडं? मोठी आलीय राणीसाहेब!"

पिनार शहरातल्या दवाखान्यात डॉक्टर मिलाग्रोसने मला चित्र काढून समजावलं. श्वासनळीला आतून पेशींचं अस्तर असतं, त्यावर बारीक बारीक केस. ते अहोरात्र हलतात, धूळ नि कफ वर ढकलतात. धूर लागला की लुळे पडतात. वर्षानुवर्षं लागला की त्या पेशीच मरतात आणि त्यांच्या जागी चपट्या, राठ, बिनकेसांच्या येतात, तुझ्या अंगठ्यावरच्या घट्ट्यासारख्या. मग कफ साचतो, आणि तो काढायला उरतो फक्त खोकला. "किती ओढायचात?" तिने विचारलं. एकही नाही, म्हटलं. माझ्या वाट्याच्याही नवऱ्यानेच ओढल्या.

हेही मी गिळलं असतं रे. पण गेल्या महिन्यात, वाचक कोण ठेवायचा हे ठरवायच्या कामगारांच्या सभेत तू उठलास. "खोकणारी वाचक नको आम्हाला. नायिका मरतेय की ही, कळतच नाही!" सगळे खो खो हसले, हात वर झाले, माझी जागा गेली. हा खोकला आपल्याच घरचा आहे, एवढं मात्र तू सांगितलं नाहीस. त्याबद्दल मी तुला कधीच माफ करणार नाही.

जाणाऱ्या वाचकाने शेवटच्या दिवशी आपल्या मनाचं वाचावं, ही आपली रीत. म्हणून हे पत्र टपालात टाकलं नाही. चौथऱ्यावर उभी राहून, खोकत खोकत, सगळ्यांदेखत तुलाच वाचून दाखवतेय. मान वर कर. मंडळी, आवडलं असेल तर नेहमीसारखी तंबाखूची पानं कापायची पाती समोरच्या फळीवर वाजवा. नसेल आवडलं तर जमिनीवर टाका. ओरेस्तेस, तू टाकच. एकट्याचं पातं पडल्याचा आवाज कसा येतो, तो मला ऐकायचाय.

तुझीच, तुझा धूर प्यालेली,
नेरेइदा