रिकामं भांडं

एल्मरिज, व्हरमाँट
१२ ऑक्टोबर १९८६

चि. सौ. नंदास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

माझ्या मुलाने, म्हणजे तुझ्या लाडक्या प्रसन्नने, शेवटी केलंच. मासिकात देखण्या छोट्या गावांचे फोटो पाहिले आणि ट्रॉय शहरातली नोकरी, शेजारची आठ मराठी कुटुंबं, सगळं सोडलं. इथे एक चर्च, एक लाकडी पूल, एक दुकान. रंगीत पानं पाहायला बस भरून माणसं येतात आणि संध्याकाळी शहाण्यासारखी परत जातात. मागे आम्ही राहतो. प्रसन्न आणि सूनबाई सुनेत्रा कामावर, मी खिडकीत. नन्सनी घोटून घेतलेलं इंग्रजी मी तीस वर्षं शिकवलं. दुकानदार मात्र माझ्याशी बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं ओरडून बोलतो.

शेजारच्या म्हाताऱ्या मिसेस हॉलिस काचेच्या भांड्यातून ॲपल पाय घेऊन आल्या. भांडं रिकामं कसं परत करायचं? शिरा भरून दिला. चार दिवसांनी तेच भांडं भोपळ्याचा केक घेऊन हजर. महिन्यात सहा खेपा झाल्या. मी दमले. मार्चमध्ये कायमची परत येते. कोथरूडचा ब्लॉक कुणाला देऊ नकोस.

लोभ आहेच, तो वाढवायचं त्राण नाही.
तुझी ताई

पुणे
४ नोव्हेंबर १९८६

ती. सुलेखाताईस,
सा. न. वि. वि.

भांडं धुऊन रिकामं दे. आभाळ कोसळणार नाही. जन्मभर मुलींना शिस्त लावलीस, आता एका केकपुढे हात टेकलेस?

आमच्या रेखाची बदली पुण्याला झाली आहे. दोन मुलांना घेऊन ती तुझ्या ब्लॉकमध्ये राहायला विचारते. तू खरंच येणार असलीस तर तिला दुसरीकडे पाहायला सांगते. वर्षअखेरीपर्यंत कळव, किल्ली माझ्यापाशीच आहे.

रागावलीस तरी लिहीत जा.
तुझी नंदा

एल्मरिज
२ डिसेंबर १९८६

चि. सौ. नंदास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं ऐकून रिकामं भांडं नेलं. लाजेने मान वर होईना. मिसेस हॉलिसनी आत पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, सुटले एकदाची. भांडं भरूनच द्यायचं हा आम्हा हिंदूंच्या धर्माचा नियम असेल, मोडला तर मी दुखावेन, म्हणून बाई संधिवाताच्या बोटांनी पीठ मळत होत्या. इथे भांडं रिकामंच परत देतात म्हणे. दोघी मूर्खासारख्या हसत बसलो.

मग चहा झाला. गावाच्या देखणेपणावर भाळून आलेली माणसं पहिल्या बर्फाबरोबर जातात, असं त्या म्हणाल्या. मी कधी जाणार, विचारलं. मार्च म्हणायला तोंड उघडलं आणि पाहू म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

आता रोज चारला त्या रिकाम्या हाताने येतात, ओरडून बोलत नाहीत. गाव मला अजूनही आवडत नाही. थंडीने गुडघे धरले आहेत, दुकानदार तसाच आहे.

किल्ली रेखाला दे. पण एका वर्षाच्या बोलीवर, हे तिला स्पष्ट सांग.

चार वाजत आले, आधण ठेवायचं आहे. आठवण ठेव.
तुझी ताई