पोरीचं निव्वळ वजन

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काल आर्वीच्या दवाखान्यातून रोहण्याला घरी. गेलो दोघं, आलो तिघं. पोरगी चार दिवसांची. नाव नाही अजून, म्हणून इथे पो. लिहीन. प्रणाली म्हणजे प्र. हात सारखे कामात, लांब लिहायला फुरसत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण आष्टीला प्र.च्या आईचे गुडघे धरलेत, म्हणून इथेच. म्हणजे माझ्या आईच्या राज्यात.

पो. जन्मली तेव्हा २ किलो ३२०. आज आशाताई आल्या, स्प्रिंगच्या काट्याला झोळी अडकवली, तीत पो.ला टांगलं. "दोन किलो दोनशेच्या आसपास." आसपास म्हणजे काय? मी जिनिंगच्या काट्यावर बसतो. तिथे आसपास म्हटलं तर कापूसवाला कॉलर धरेल. ताई हसल्या. "पह्यल्या आठवड्यात उतरतेच, भाऊ. दोन आठवड्यांत भरून निघते. फक्त आईचं दूध. बाकी काई नाई."

आईने तोंड वाकडं केलं. मध चाटवायचा ठरवून बसली होती.

२९ नोव्हेंबर

पो. शिंकते. दिवसातून आठ-दहा वेळा. सर्दी नाही म्हणे, नाक साफ करते. पाच दिवसांच्या जिवाला हे कोणी शिकवलं?

टाळूवर हात ठेवला. मऊ, आणि खाली काहीतरी धडधडतंय. भीतीने हात काढला. मग परत ठेवला.

शी काळीभोर होती, आज हिरवट. आई म्हणते उद्या पिवळी होईल. बघू.

१ डिसेंबर, सोमवार

झाली. मोहरी वाटून ठेवल्यासारखी पिवळी. मी एवढा खूश झालो की प्र. म्हणाली, "फोटो काढून गावात वाटा आता."

जिनिंगमध्ये रुईचा उतारा, म्हणजे कापसातून रुई किती निघते ते, काढायचा एक जुना इलेक्ट्रॉनिक काटा धूळ खात होता. ग्रॅमपर्यंत बघतो. मॅनेजरला विचारून घरी आणला. थंडीत पोरीला उघडी करायची नाही असा आईचा हुकूम, म्हणून झबलं, टोपी, मोजे आधी वेगळे मोजले. बासष्ट ग्रॅम. वजा केले. भरली गाडी वजा खाली गाडी, हा धंद्याचा नियम.

पो. निव्वळ: २ किलो १५०.

म्हणजे अजून उतरतंय.

२ डिसेंबर

२ किलो १५५. पाच ग्रॅम वाढ! अर्धं लिंबू सुद्धा नाही, पण वाढ ती वाढ. प्र.ला जाऊन सांगितलं. तिला झोप येत होती.

एक प्रश्न पडला. एका वेळी पोटात किती जातं? बाटली असती तर दिसलं असतं. इथे भांडंच बंद. मग सुचलं: पाजायच्या आधी मोजायची, पाजून झाल्यावर मोजायची. फरक म्हणजे दूध.

आज सकाळी केलं. १८ ग्रॅम. मला फार भारी वाटलं.

४ डिसेंबर, गुरुवार

जेवायच्या सुटीत काट्याच्या खोलीत बसून लिहितोय. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग.

घरी असतो तेवढ्या वेळेला आधी-नंतर मोजतो. १८, २२, ९, १४. नऊ का? प्र.ला विचारलं तर म्हणाली, "मले का मीटर लागून हाय?"

पो.ची नाळ पडली आज. आईला हळद-तेल लावायचं होतं, ताईंनी आधीच नको सांगितलं होतं, मी मधे उभा राहिलो. आई म्हणाली, "तुले नाई का लावली? मेला का तू?"

बोट दिलं की पो. मूठ आवळते. सोडवायला जावं तर अजून आवळते. कशासाठी असेल ही पकड? कोणाला धरायची होती तिला?

६ डिसेंबर, शनिवार

प्र. रडली. दुपारी मी सुटी घेतली होती. पो. पाच-सात मिनिटं पिऊन डोळे मिटते, हे माझ्या लक्षात आलेलं. डोळे मिटले की झालं असं धरून मी उचलतो आणि काट्यावर ठेवतो. आज उचलली तर प्र.ने पदर ओढून घेतला.

"पोरीले नाई, मले तोलून राह्यले तुम्ही."

मी म्हटलं, असं काही नाही. पण ११ ग्रॅम आले होते आणि माझ्या तोंडावर ते दिसलं असणार. आई आतून म्हणाली, "उपरचं पाजा मंग. गाईचं दूध हाय घरी." प्र. भिंतीकडे तोंड करून निजली. आईला मी गप्प केलं, पण माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं, हे इथे लिहून ठेवतो. लाज वाटली.

७ डिसेंबर, रविवार

नामकरण. भंतेजी आले, वंदना झाली, घुगऱ्या वाटल्या. बाया पाळण्याला गराडा घालून बसलेल्या. सुजाता नाव ठेवलं. भुकेल्याला खीर देणारी ती सुजाता. माझी आत्या म्हणाली, "आमच्या सुजाताले आधी खीर पाजा कोणी, काडी होऊन राह्यली." सगळे हसले. प्र. हसली नाही.

सकाळी २ किलो २०५. पाहुणे गेल्यावर संध्याकाळी परत मोजली: २ किलो २८५!!

एका दिवसात ऐंशी! तीनदा मोजली. तीनदा तेच. प्र.ला उठवून सांगितलं. ती उठून बसली, काट्याचा आकडा स्वतः बघितला. "खरंच का हो?" दहा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली. आई म्हणाली, नावाचा गुण. मी पण मान हलवली. आता काय सांगू, मी मान हलवली.

८ डिसेंबर, सोमवार

आशाताई आल्या. चौदावा दिवस. मी दारातच आकडा सांगितला. ताईंनी पो.ला उघडी करून झोळीत घातली. काटा २२०० वर थांबला.

"तुमचा काटा हलका आहे, ताई."

ताईंनी उघडं करताना काढलेले मोजे उचलले. खाली चांदी होती. तिच्याकडे बोट केलं. "हे तोलायच्या आधी काढून ठेवलं मी. तुम्ही काढलं होतं का?"

आत्याचे वाळे. मोज्याखाली. आणि कमरेला चांदीचा करगोटा, मावशीकडून, झबल्याखाली. दोन्ही काल नामकरणात घातलेले.

माझ्या काट्यावर टाकले. चौऱ्याहत्तर ग्रॅम.

दहा वर्षं काट्यावर बसतो मी. गाडीत दगड घातलेले ओळखतो, ओला कापूस हातात घेऊन ओळखतो. स्वतःच्या पोरीची चांदी मोजली आणि बायकोला जेवायला लावलं.

प्र. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त झबलं परत घातलं, नाडी बांधली. ताई म्हणाल्या, "उद्या डॉक्टरले दाखवून घेजा. चौदा दिवसांत जल्मतचं वजन भरून यायले पाह्यजे होतं."

९ डिसेंबर

आर्वी. मुलांच्या डॉक्टरबाई. पो.ला उलटसुलट केलं, कान, तोंड, छाती, सगळं. आजार काही नाही. मग प्र.ला पाजायला सांगितलं आणि खुर्ची ओढून समोर बसल्या. पाच मिनिटांत पो.ने डोळे मिटले. मी सवयीने पुढे झालो.

"कुठे निघालात?"

सांगितलं सगळं. आधी-नंतर, काटा, ग्रॅम. बाईंनी ऐकून घेतलं. "म्हणजे ताटावरून अर्ध्यात उठवता होय तिला?"

डोळे मिटले म्हणजे पोट भरलं असं नाही. छोटी बाळं दमतात, गरम कपड्यांत गुंगतात. तळपायाला गुदगुल्या करा, दुपटं सोडा, परत लावा. दाट दूध शेवटी येतं, एक बाजू पूर्ण रिकामी होऊ द्या. दोन-दोन तासांनी. जे उरेल ते पिळून वाटी-चमच्याने. मी घरी असलो की नेमकं दाट दुधाच्या वेळी उचलत होतो. नऊ ग्रॅम का, त्याचं उत्तर मीच होतो.

"सोमवारी बघा. किमान दीडशे वाढायला हवं. नाही तर इथे घेऊन या, वरचं दूध किंवा भरती, तेव्हा ठरवू. त्याआधी सुस्त वाटली, पिईना झाली, तर थांबू नका."

बसमध्ये प्र.ला म्हटलं, चुकलं माझं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मले वाटलं माह्यातच खोट हाय."

हे वाक्य कुठे ठेवू कळत नाही. इथे ठेवतो.

१० डिसेंबर

काटा जिनिंगमध्ये परत. मॅनेजर म्हणाले, एवढ्यात? म्हटलं, काम झालं.

१२ डिसेंबर

माझं नवीन काम: तळपाय. प्र. पाजते, मी पायाशी बसून गुदगुल्या करतो. पो. कपाळाला आठी घालते, म्हाताऱ्या सरपंचासारखी, आणि परत ओढायला लागते. आई बघून म्हणाली, "बापाले पायाशी बसवलं पोरीनं, बरं झालं." पण दुपारी दोन दुपटी स्वतःच काढली तिने, कोणी न सांगता. गाईच्या दुधाचं नाव नाही.

चमच्याने दूध देताना पो. जीभ बाहेर काढून मांजरीसारखी चाटते. हे तिला येतं, हे कोणाला माहीत होतं? ओल्या लंगोट्यांची दोरी भरली. मोजल्या नाहीत. बऱ्याच होत्या.

१४ डिसेंबर, रविवार

वाढली का? हातात जड लागते. का मलाच जड लागायला हवी आहे? माझ्या हातावर माझा विश्वास राहिला नाही.

प्र.ला विचारलं, तुला काय वाटतं? "मले वाटते वाढली. पर मले इचारून का करता? मी का काटा हाय?" पण या वेळी हसत.

१५ डिसेंबर, सोमवार

ताई दहाला आल्या. मी झोळी धरायला उठलो, तर प्र. म्हणाली, "तुमी आंगणात थांबा. काटा मी वाचतो."

थांबलो. झोळीचा हुक वाजला. पो. रडली. मग शांत. ताई बाहेर आल्या, चप्पल घालताना माझ्याकडे बघेनात. "तिलेच इचारा, भाऊ. माह्याकून वचन घेतलं तिनं."

दारात जाऊन विचारलं. काय आलं?

"आधी पाजून घेतो. मंग सांगतो."

"उद्या सुटी टाकू का? आर्वीला जायचं असेल तर..."

"पाजू द्या ना."

ताईंनी वजन लिहिलेलं कार्ड तिच्या उशीखाली आहे, कोपरा दिसतोय. हात लांब केला तर मिळेल. मी उंबऱ्यावर बसून हे लिहितोय. आतून पो.चा गिळण्याचा आवाज येतोय, घट्, घट्, मधे एक दम, परत घट्. हा आवाज आजवर मी ऐकलाच नव्हता, आकड्याच्या घाईत असायचो. मोजायचं नाही असं ठरवलं होतं.

सत्तावीस घोट झाले. अजून पितेय.