काळजातल्या गळतीचा खुलासा

नेर, बुधवार

ती. नानाजी व्याहीबुवांना आणि विहीणबाईंना पंजाबरावचा नमस्कार. खरं तर दंडवत घालायचा होता, पण त्याला पोटावर पडावं लागतं आणि पोटाला सध्या मनाई आहे. तुमची साखर आटोक्यात असेल, विहीणबाईंचे गुडघे थंडी सरल्यावर जरा ऐकू लागले असतील, महागावात सगळं ठीक असेल असं मी धरून चालतो. माझं काय चाललंय ते फोनवर सांगता आलं असतं, पण मी दोन वाक्यं बोललो की तुम्ही “आराम करा” म्हणून फोन ठेवता. पत्र मधेच ठेवलं तरी उरलेलं तिथंच राहतं, म्हणून लिहायला बसलो.

दोन महिन्यांपूर्वी जावईबापू अतुलराव आणि मी दारव्हा रोडचं तुरीचं वावर पाहून मोटारसायकलनं परत येत होतो. गाडी कोण चालवत होतं ते तुम्हाला तेव्हाच कळवलेलं आहे. डोक्याएवढ्या उभ्या तुरीतून एक रोही निघाला (नीलगाय, घोड्याएवढं जनावर, पण घोड्याला निदान लगाम असतो), त्यानं आमच्या समोरून उडी मारली आणि तो सुखरूप पलीकडे गेला. आम्ही गेलो नाही. अतुलरावांचं मनगट मोडलं. मला मात्र रक्ताचा थेंब नाही. मी उठलो, पँट झटकली, रोही कुठल्या दिशेनं गेला ते पाहिलं, आणि मग जरा बसावं म्हणून बसलो. बसलो तो उठता येईना.

यवतमाळला सीटी स्कॅन झाला. लिव्हर उजवीकडून फाटलंय, पोटात रक्त आहे, पण रक्त थांबतंय, तेव्हा चिरफाड नको, नुसतं पडून राहा, असं निघालं. सौ. शकुबाईनं भेटायला येणाऱ्यांना लिव्हरचं मराठी करून सांगितलं, की यांचं काळीज फाटलं. लोकांनी ते छातीतलं धरलं. गावात माझ्याबद्दल असं काही गहिवरून बोलणं झालं की पंधरा दिवसांनी मी रिक्षातून उतरलो तेव्हा समोरच्या दुकानदाराला थोडं अवघडल्यासारखं झालं.

घरी चार दिवस बरे गेले. मग डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, जेवणाचा वास नको झाला. भीमसिंगनं (आमच्या डेपोतला जुना ड्रायव्हर, तुम्ही दीपाच्या लग्नात त्याला पाहिलंय, मांडवात सगळ्यात उंच तोच होता) निदान केलं की ही कावीळ आहे आणि काविळीला माळ लागते. कसल्याशा काड्यांची माळ त्यानं गळ्यात घातली. ती जसजशी लांबेल तसतशी कावीळ उतरेल म्हणाला. माळ लांबली, व्याहीबुवा. छातीवरून पोटापर्यंत आली. तिच्याबरोबर पोटही वाढलं आणि ताप चढला. दीपा तेवढी रोज म्हणत होती, दवाखान्यात चला. तिचं ऐकायला आम्ही पाच दिवस घेतले.

पुन्हा यवतमाळ. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं. सुई घालून काढलं तर ते रक्तही नव्हतं आणि पाणीही नव्हतं. शेवाळलेल्या टाक्यात असतं तसं हिरवं काहीतरी होतं. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. हे पित्त आहे, म्हणाले, आत पित्ताची नळी कुठेतरी फाटली आहे आणि ते पोटात सांडतंय. कुठे फाटली ते इथल्या यंत्रावर दिसत नाही, नागपूरला जा. मग पोटाला एक नळी, नळीला एक पिशवी, आणि पिशवी मांडीवर घेऊन मी ॲम्ब्युलन्समध्ये. एकतीस वर्षं नेरच्या एसटी स्टँडवर गाड्या सोडल्या, पण स्वतःला असं सोडायची वेळ कधी आली नव्हती.

नागपूरला फोटो वाचणाऱ्या डॉक्टर म्हणजे एक मुलगीच होती, मैत्रेयी नावाची, दीपाच्याच वयाची. तिनं नीट समजावलं. सीटी स्कॅनमध्ये फाटलेलं लिव्हर दिसतं, पण त्यातल्या बारीक नळ्या दिसत नाहीत. शिवाय गळती कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी डोकं वर काढते. एमआरआयमध्ये पित्ताच्या नळ्यांचं अख्खं झाड दिसतं. त्यासाठी मला उपाशी ठेवलं आणि नंतर ग्लासभर अननसाचा रस प्यायला दिला. मला वाटलं पाहुणचार आहे. तो म्हणे पोटातल्या पाण्याची चमक घालवायला असतो, नाहीतर ती नळ्यांच्या आड येते. माळ दाराशीच काढून ठेवायला लावली.

आत बोगद्यात घातलं आणि कानात एक बाई सांगू लागली, श्वास घ्या, श्वास सोडा, श्वास थांबवा. जन्मभर मी माइकवरून लोकांना थांबा आणि चला म्हणत आलो. आता कळलं की पुढचं लवकर कोणी सांगितलं नाही तर ऐकणाऱ्याचं काय होतं. एकदा तर ती “सोडा” म्हणायला विसरलीच आहे असं वाटून मी परवानगी नसताना सोडला, आणि तो फोटो पुन्हा काढावा लागला. नंतर एक इंजेक्शन दिलं. ते औषध लिव्हर स्वतःच पित्तात टाकतं, म्हणून तासभर थांबून पुन्हा फोटो काढायचा, आणि ते नळीबाहेर जिथे सांडलेलं दिसेल तिथे भोक. दिसलं. मैत्रेयी मॅडमनी पडद्यावर दाखवलं. पांढरं झाड होतं, त्याची उजवीकडची एक फांदी तुटलेली, आणि तुटल्या जागेशी पांढरं डबकं. आपल्या आत एवढं सुबक काही आहे हे ते मोडल्यावर पाहायला मिळालं.

मग तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या नळीत प्लास्टिकची छोटी नळी बसवली. पिशवी रोजच्या तीनशे मिलीवरून शंभरवर, मग पन्नासवर आली. शेजारच्या खाटेवर केळापूरकडचा एक गृहस्थ होता, मोहाच्या झाडावरून पडलेला. आम्ही रोज सकाळी कोणाच्या पिशवीत किती भरलं ते एकमेकांना सांगायचो. एका दुपारी चहा विचारायला वळलो तर गादी गुंडाळून ठेवलेली होती. त्या दिवशी माझी पिशवी वीसवर आली, आणि ते कोणाला सांगावं कळेना.

हे सगळे दिवस अतुलराव माझ्यापाशी होते. एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्या हातानं माझी पिशवी रिकामी करायचे. जावयानं सासऱ्याचं पित्त मोजावं हे कुठल्या रीतीत बसतं मला माहीत नाही. आता मी घरी आहे, पिवळेपणा गेलाय, आतली नळी महिन्याभरात काढतील. बाकी ठीक. विहीणबाईंना गुडघे जपायला सांगा आणि आमच्यावरची माया आहे तेवढीच असू द्या.

तुमचा व्याही,
पंजाबराव

ता. क. : दीपाकडून कळलं की या अपघातावरून तुम्ही अतुलरावांना घराची पायरी चढू नको म्हणालात. दवाखान्याचे दिवस सोडले तर दोन महिने पोरगा आमच्याच ओसरीवर झोपतो, फोन वाजला की आधी नाव पाहतो आणि तुमचं नसलं की खाली ठेवतो. त्यांना घरी बोलवा.

दुसरा ता. क. : गाडी मी चालवत होतो. डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते, डॉक्टरांनी आणि शकुबाईनं मनाई केली होती, तरी मी अतुलरावांच्या हातून चावी घेतली. रस्त्यावर बसल्या बसल्या त्यांना म्हणालो, “तुमी चालवत होते म्हणा. शकु मले जिता सोडनार नाही.” ते म्हणाले, “बरं, मामाजी.” एवढंच. नागपूरला मैत्रेयी मॅडम यवतमाळचा सीटी पाहून म्हणाल्या, “काका, हा मार हँडलचा आहे. मागे बसणाऱ्याला सहसा असा लागत नाही. गाडी कोण चालवत होतं?” मी माझी पिशवी चाचपू लागलो. अतुलराव म्हणाले, “मीच होतो, मॅडम.” मॅडमनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्यांना दिसलं होतं. तुम्हाला दिसावं म्हणून हे लिहिलं. कृपा करून शकुबाईला कळू देऊ नका.

तिसरा ता. क. (इथून अक्षर माझं आहे) : नानाजीभाऊ, हे पत्र आज यायच्या गादीखाली सापडलं. वरचा बुधवार जाऊन तीन आठवडे झाले. टाकतो टाकतो म्हनून टाकलं नसन. मी वाचलं अन् मीच आता पोस्टात नेऊन राह्यली. यायले काही बोलली नाही, नळी निघाल्यावर बोलीन. अतुलले बी सांगितलं नाही. ते तुमीच सांगा, इथं येऊन. — शकुबाई