स्लाइडवर दोन, प्लेटवर एक

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. भावोजींचा गुडघा आता कसा आहे? जिने चढू देऊ नकोस त्यांना. ऐकणार नाहीत, तरी सांगत राहा. मी ठणठणीत आहे. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून पत्र लिहितेय.

आमच्या लॅबमध्ये गेल्या आठवड्यात मोठं काम झालं. आठ वर्षांची मुलगी, फुटबॉल खेळणारी, एरवी धडधाकट. ताप, खोकला, आणि बघता बघता फुफ्फुसाभोवती पू झाला. डॉक्टरांनी छातीत नळी घालून तो काढला आणि नमुना आमच्याकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी, नमुना पसरून उबेत ठेवलेल्या प्लेटवर न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू उगवला. तसा रिपोर्ट दिला, औषध चालूच होतं. पण ताप हटेना. चौथ्या दिवशी आम्हाला दुसरा जंतू सापडला, हवेत न वाढणारा. डॉक्टरांनी औषध बदललं आणि दोन दिवसांत ताप उतरला.

वर ‘आम्हाला’ लिहिलंय ते खरं नाही. सापडला तो तुझ्या लेकीला.

पहिल्याच दिवशी तिला सूक्ष्मदर्शकाखाली दोन आकार दिसले होते, गोल ठिपक्यांच्या जोड्या आणि बारीक काड्या. प्लेटवर एकच जंतू उगवला तशी ती माझ्याकडे आली.

“मावशी, स्लाइडवर दोघं आहेत, प्लेटवर एकच. दुसरा गेला कुठे?”

“अगं, तोंडातली घाण आली असेल नमुन्यात.”

“पू छातीतून काढलाय, तोंडातून नाही.”

“धडधाकट मुलांना असा दुहेरी संसर्ग सहसा होत नाही. टाकून दे सगळं. बाकीच्या नमुन्यांचा ढीग पडलाय.”

“बरं,” म्हणाली आणि टाकलं नाही! एक प्लेट तिने हवाबंद बरणीत घालून इन्क्युबेटरच्या खालच्या फळीवर ठेवली होती. वर चिठ्ठी, ‘उघडू नये’, आणि खाली चक्क स्वतःची सही. चौथ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला, आणखी काही उगवलं का म्हणून. मी ‘नाही’ म्हणणार, तेवढ्यात ती म्हणाली, “थोडं थांबा म्हणावं.” झाकण काढलं तर असा घाण वास सुटला की शिपाईकाका नाक धरून बाहेर पळाले. प्लेटवर खसखशीएवढे करडे ठिपके. त्यांची स्लाइड केली, तर त्याच काड्या.

पंचवीस वर्षांत मला असं कुणी गप्प केलं नव्हतं. आणि ताई, राग नाही आला गं. ऊर भरून आला. डॉक्टरांना मीच सांगितलं, “मी फेकायला सांगितलं होतं, तिने ठेवलं.”

काल ती मुलगी घरी जायच्या आधी आईबरोबर लॅबच्या खिडकीशी आली. पोरीने विचारलं, “दुसरा तुम्हीच पकडलात ना?” तुझी लेक कानापर्यंत लाल! “तो लपला होता,” म्हणाली, “मी नुसतं शोधत राहिले.”

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दोन वर्षांपूर्वी तू मला विचारलं होतंस, कामात कशी आहे गं? मी म्हटलं, आळशी आहे, एका नमुन्यापाशी तास घालवते, हे काम तिचं नाही. ते तू तिला ऐकवलंस, शब्दाने शब्द वाढला, आणि ती बॅग उचलून भाड्याच्या खोलीत गेली. तिला वाटत होतं, ते तुझं मत. मी दोन वर्षं तिच्या शेजारी उभी राहून तोंड उघडलं नाही. तुमच्यातलं भांडण माझ्या एका वाक्यामुळे आहे.

काल तिला सगळं सांगितलं. तिने हातमोजे काढून टाकले. मग म्हणाली, “आईला खरंच मी आळशी वाटत नाही?”

याचं उत्तर मी देऊ शकत नाही, ताई. रविवारी सकाळी ती घरी येतेय. मला काय बोलायचं ते नंतर फोनवर बोल, सगळं ऐकून घेईन. तिला मात्र दारातच उत्तर दे.

तुझ्या लेकीला ओळखायला चुकलेली, आणि आज तिची मावशी म्हणून ताठ मानेने फिरणारी,

तुझी धाकटी